शेवटचे ताट

(गणेशोत्सवातील कुटुंब मेळाव्यात केलेले भाषण)



‘सकस आहार आणि कुटुंब’ या विषयासाठी कार्यकारिणीने डॉक्टर सोडून माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या इंजिनिअरला का उभे केले, हे त्यांनाच ठाऊक. मी रेल्वेत रुळांच्या देखभालीचे काम पाहतो. पण सिकंदराबादेत राहून आहाराचा विषय टाळणेही बरे नव्हे. तारनाक्याच्या रस्त्याने जाताना राष्ट्रीय पोषण संस्था आपल्याला दिसतेच. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी सुरू झालेले हे काम १९५८ मध्ये हैदराबादला आले. बेरीबेरीत पायांतले बळ जाते, हृदय कमकुवत होते. कारण काय, तर पॉलिश करून पांढराशुभ्र केलेला तांदूळ. कोंड्याबरोबर बी-१ जीवनसत्त्व निघून जाते. पोट भरलेले आणि माणूस आजारी, असा तो प्रकार.

आता बेरीबेरी फारशी ऐकू येत नाही, पण भरल्या पोटी आजारी असणे आपल्या घरांत चालूच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. हे गरिबांचेच दुखणे आहे असे समजू नका, खात्यापित्या घरांतही ते आहे. जिना चढताना धाप लागते, दुपारी गळून गेल्यासारखे होते, आणि आपण म्हणतो, ‘कामाचा ताण’.

पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर पाळी चालू असलेल्या स्त्रीला २९. म्हणजे दीडपट! आणि आपल्याकडे वाढण्याचा क्रम कसा? आधी मुले, मग ड्यूटीवर जाणारे साहेब, मग सासू-सासरे, आणि शेवटी वहिनी. तोवर भाजीचा रस्सा आणि वरणाचे पाणी उरलेले असते. मग पोळी, लोणच्याची फोड, आणि वर कपभर चहा. ज्या ताटात लोह सर्वांत जास्त हवे, त्याच ताटात ते सर्वांत कमी. या गोष्टीचे ‘त्याग’ म्हणून कौतुक करण्याची आपली रीत मला मुळीच पटत नाही.

डाळी, हरभरे, बाजरी, पालेभाज्या यांत लोह असते, पण शाकाहारातले लोह शरीर कमीच घेते. जेवणात लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू असला, तर ते जास्त अंगी लागते. लगेच चहा घेतला तर कमी. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी असे पोषण संस्था सांगते. आपण चहाबाज, त्यात इथला इराणी चहा! सोडा म्हणत नाही, तासभर पुढे सरकवा. तासभर उशीर रेल्वेवाल्यांना काही नवा नाही.

पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या दिवसभराच्या ताटात दोन हजार कॅलरींसाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. आपल्याकडे भात-पोळीचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी! तेल-तूप माणशी २७ ग्रॅम, म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला साधारण सव्वातीन किलो. आपला पाच लिटरचा डबा किती दिवसांत संपतो, ते घरी जाऊन पाहा. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा; पापड, लोणचे, फरसाण त्यातच आले.

हे आपल्याला नवीन शिकायचे आहे असेही नाही. परवाची ऋषिपंचमीची भाजी आठवा. अळू, माठाचे देठ, दोडका, भोपळा, सुरण, मक्याचे कणीस, सगळे एका पातेल्यात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बटाटा. आमच्या ट्रॅकवरच्या तेलुगू सहकाऱ्यांच्या डब्यात ज्वारीची जोन्ना रोट्टे आणि गोंगुरा पप्पू असतो. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच. ते लोक भाकरी आणि अंबाडीची डाळ खातात, आणि आपण मराठी माणसे मुलांच्या डब्यात बिस्किटे आणि नूडल्स देतो!

एक शेवटचे. रूळ वरून चकचकीत दिसला तरी आतला तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही ठरावीक मुदतीने अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासणी करतो. हिमोग्लोबिनची तपासणी तशीच आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी आले, तर बीट आणि खजुरावर भरवसा ठेवून बसू नका. डॉक्टरांना दाखवा, ते कारण शोधतील आणि लागतील त्या गोळ्या देतील.

अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी दिली आहे. कार्यकारिणीपुढे एक सूचना मांडतो. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशीच्या महाप्रसादाला पहिली पंगत महिलांची बसवावी, आणि वाढपाला आम्ही पुरुषांनी उभे राहावे. वरणाचे पातेले मी घेतो.