फायद्याचे चार इंग्रजी शब्द
(नवापूर येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्हाला आता मराठी वाचता येऊ लागले. सही जमू लागली. तरी बँकेत गेले की कानावर इंग्रजी शब्द पडतात आणि माणूस गप्प बसतो. आपले नवापूर सरहद्दीवरचे. स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. कोणी घरी मावची बोलतो, आणि बाजारात मराठी-गुजराती दोन्ही चालवतो. इतक्या भाषा पेलणाऱ्याला चार इंग्रजी शब्द काय जड? आज फायद्याचे आणि उपयोगाचे शब्द घेऊ.

प्रॉफिट म्हणजे नफा. बेनिफिट म्हणजे लाभ. दोन्ही सारखे वाटतात, पण सारखे नाहीत. आपली तूर घ्या. समजा, खर्च आला 4,000 रुपये आणि तूर विकली 5,000 ला. वरचे 1,000 हा प्रॉफिट. तो पैशातच मोजायचा. पण मुलांच्या ताटात डाळ पडली, अंगात ताकद आली, हा बेनिफिट. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, जमिनीचा कस वाढतो, हाही बेनिफिट. आणि तुराट्या चुलीला लागतात, कुडाला लागतात, तो त्यांचा यूज, म्हणजे उपयोग.

आता इंटरेस्ट. इंटरेस्ट म्हणजे व्याज. तुम्ही बँकेत पैसे ठेवले तर इंटरेस्ट तुम्हाला मिळते. कर्ज काढले तर तेच तुमच्याकडून जाते. शब्द एकच, पण फायदा एकदा तुमचा, एकदा दुसऱ्याचा. म्हणून फायद्याचा शब्द ऐकला की पहिला प्रश्न विचारा, “फायदा कोणाचा?”

ज्याला लाभ मिळायचा तो बेनिफिशियरी. मराठीत लाभार्थी. 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच जिल्ह्यात, शहादे तालुक्यातल्या टेंभली गावी, आधार क्रमांक देण्यास आरंभ झाला. पुढे 1 जानेवारी 2013 पासून काही योजनांचे पैसे सरकार थेट बँक खात्यात भरू लागले. याचे नाव डायरेक्ट बेनिफिट ट्रान्स्फर, म्हणजे लाभ थेट खात्यात. पैसे तुमच्या नावाने येतात. पण आधारच्या यंत्रावर अंगठा टेकला की ते निघूही शकतात! तेव्हा अंगठा ठेवण्याआधी विचारा, “भाऊ, हा अंगठा कशासाठी? पैसे किती निघणार?” मग पावती घ्या आणि तिच्यावरचा आकडा स्वतः वाचा. आकडे तर तुम्हाला येतातच.

आणखी एक. मुलगा सुरतेला कामाला आहे, त्याला पैसे पाठवायचे आहेत. फॉर्मवर ‘बेनिफिशियरी’ लिहिलेले असेल तिथे मुलाचे नाव घालायचे, आपले नव्हे. कारण पैसे त्याला मिळायचे आहेत.

शेवटचा शब्द यूज. हा फार ठिकाणी भेटतो. फॉर्मवर ‘फॉर ऑफिस यूज ओन्ली’ असेल तर ती जागा कचेरीची. आपण कोरी सोडायची. औषधाच्या बाटलीवर ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ असेल तर ते औषध फक्त वरून लावायचे. पोटात घ्यायचे नाही. खोकल्याची बाटली समजून ते कोणी पाजले, तर जिवावर बेतेल. इंजेक्शनच्या सुईवर ‘सिंगल यूज’ असते. ती एकदाच वापरून टाकायची. एकाची सुई दुसऱ्याला टोचू द्यायची नाही, कारण सुईबरोबर रोगही जातो. म्हणून यूज हा शब्द दिसला की दुसरा प्रश्न विचारा, “उपयोग कसा करायचा?”

फायदा कोणाचा आणि उपयोग कसा, हे दोन प्रश्न पाठ करा. विचारायला लाजू नका. पैसा तुमचा आहे, जीवही तुमचा आहे.

यूज हा शब्द इंग्रजीत तीनच अक्षरांचा आहे. तो मी फळ्यावर लिहून ठेवला आहे, वहीत उतरवून घ्या. उद्या येताना घरातली औषधाची एक बाटली घेऊन या. तिच्यावर हा शब्द आपण सगळे मिळून शोधू.