सकाळी बोटं आखडतात? वाट पाहू नका

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, जिथं कुठं ऐकत असाल, तिथल्या साऱ्या बचत गटांना आमचा रामराम.

निंदणानं, सोंगणीनं हात दुखणारच, असं आपण म्हणतो. पण सकाळी दोन्ही हातांची बोटं अर्धा-एक तास आखडून राहतात, सांधे सुजतात आणि हे सहा आठवडे चालतं, तर तो नुसता थकवा नसतो. तो आमवात असू शकतो. यात आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. बायकांना तो पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीनं होतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं घरोघर पाहणी केली, तेव्हा हजार मोठ्या माणसांत पाचेक जणांना हा आजार निघाला.

पूर्वी डॉक्टर एकच औषध देत. गुण नाही आला तर दुसरं. मग प्रश्न आला, सुरुवातीलाच तीन औषधं एकत्र दिली तर? फिनलंडमध्ये नव्यानं आजार झालेल्या १९५ जणांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. ९७ जणांना मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि थोडं स्टेरॉइड. ९८ जणांना यांच्यासारखं एकच मुख्य औषध. दोन वर्षांनी पहिल्या गटात ३६ जणांचा आजार शांत होता, दुसऱ्यात १८ जणांचा. दुष्परिणाम दोन्हीकडे सारखेच. हे १९९९ मध्ये छापून आलं.

यातून आपण काय घ्यायचं? लवकर जायचं. दुखणं थांबवणाऱ्या गोळीनं वेदना दबते, पण सांध्याची झीज सुरूच राहते. वाकडं झालेलं बोट औषधानं सरळ होत नाही.

एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. आमवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी घ्यायची. रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. मध्ये मध्ये रक्त तपासावं लागतं. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि उद्या कुणी म्हणालं, नव्या औषधाच्या चाचणीत नाव घालता का, तर घाबरू नका, घाईही करू नका. संमतीचा कागद मराठीत मागा, वाचून घ्या, वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून घ्यायला लावा. सही तुमची, निर्णयही तुमचाच. मधेच बाहेर पडायचा हक्कही तुमचा, त्यानं तुमचा नेहमीचा उपचार बंद होत नाही.

मैत्रिणींनो, आपली मजुरी, आपली भाकरी, आपली सही, सगळं या बोटांवर आहे. येत्या बैठकीत हप्ता गोळा करताना एकमेकींच्या हातांकडेही बघा. जिची बोटं सुजली असतील, तिला एकटी सोडू नका, सोबत दवाखान्यात जा.