तंजावर: राज्य गेले, ग्रंथ राहिले

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. १८०३ साली तो कोरवून घेतला दुसऱ्या सरफोजीराजांनी. पण राज्य तेव्हा त्यांच्या हातात नव्हतंच! १७९९च्या तहानं कारभार आणि महसूल ईस्ट इंडिया कंपनीनं घेतला होता. राजांकडे उरला किल्ला, तनखा आणि मान.

मिशनरी श्वार्त्झ यांच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजानं मग ग्रंथ जमवले. सरस्वती महाल या ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं आली, त्यांच्याशेजारी युरोपीय पुस्तकंही. मोडी कागदपत्रांत दरबाराचा रोजचा व्यवहार आजही सापडतो.

१८५५ साली सरफोजींचे पुत्र राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीनं संस्थान खालसा केलं. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं: ही राज्यसत्तेची कृती आहे, न्यायालय त्यात हात घालू शकत नाही.

पुढे तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या वेदारण्यमला १९३० साली काँग्रेसचे नेते राजाजी यांनी मिठाचा कायदा मोडला. या वेळी लढाई राजघराण्याची नव्हती, सामान्य माणसांची होती.

तंजावरला गेलात, तर मंदिराबरोबर सरस्वती महालही जरूर पाहा.