स्मरणचित्रात स्मरण कशाचे?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. कला संचालनालयाच्या या रेखाकला परीक्षांत एक प्रश्नपत्रिका स्मरणचित्राची असते. बाजार, बसथांबा, पावसातला रस्ता असा एखादा विषय द्यायचा आणि मुलाने पाहिलेले, मनात राहिलेले कागदावर उतरवायचे, ही त्यामागची मूळ कल्पना. शालेय परीक्षांत इतकी सुंदर मागणी क्वचितच कुणी केली असेल. पण तयारी होते ती निराळीच. डोक्यावर पाटी घेतलेली पाठमोरी बाई, छत्री धरलेला माणूस, कोपऱ्यातले झाड अशा आकृत्या मार्गदर्शिकेतून गिरवून पाठ करायच्या आणि विषय कोणताही आला तरी त्याच जागा बदलून बसवायच्या. म्हणजे स्मरण राहते ते पुस्तकातल्या चित्राचे. बाजार कागदावर येतच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की सातवी-आठवीच्या वयात शिकवायचे असते ते पाहणे, आणि आपण शिकवतो ते दुसऱ्या कुणीतरी आधीच पाहून ठेवलेले.

हे नेमके याच वयात घातक का ठरते? कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले, त्यात अकरा ते चौदाच्या आसपासचा काळ कसोटीचा मानला आहे. लहान मूल चौकोनावर त्रिकोण ठेवते आणि ते घर असते. त्याची कुणापुढे फिर्याद नसते. पुढे त्याच मुलाची नजर मोठ्यांची होऊ लागते, हात मात्र मागे राहतो. खोडरबर जास्त झिजू लागतो. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य याच सुमारास जन्माला येते आणि पुष्कळांच्या बाबतीत आयुष्यभर टिकते. अशा वेळी तयार साचा हाती आला, तर मुलाला हायसे वाटते, हे खरे आहे. त्याची लाज झाकली जाते. पण नजर आणि हात यांच्यातले अंतर तसेच राहते, आणि साचा संपला की मूल पुन्हा तिथेच येऊन उभे राहते.

यावर जाणकार म्हणतील, की गिरवण्यातूनच हात बसतो. आधी तंत्र, मग कल्पना. हा आक्षेप हलका नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुढे बरीच वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतीच तर केल्या. पण त्या विद्यार्थ्यांना अंधूक लेण्यात, पोपडे सुटलेल्या भिंतीसमोर उभे राहून ठरवावे लागत होते, की ही रेषा बोटाची आहे की तडा गेल्याची आहे. ती प्रतिकृती म्हणजे पाहण्याची कठोर तालीमच होती. मार्गदर्शिकेतल्या आकृतीत असे ठरवायला काही उरलेलेच नसते. तेव्हा माझा विरोध अनुकरणाला नाही, निर्णय नसलेल्या अनुकरणाला आहे.

याच परीक्षांतल्या संकल्पचित्राची गोष्टही याहून वेगळी नाही. वर्तुळ किंवा चौकोन द्यायचा, त्यात फुले-पाने किंवा भौमितिक आकार बसवायचे, ठरावीक रंगसंगतीत रंगवायचे. जे. जे.च्या आरंभकाळात लंडनच्या साउथ केन्सिंग्टनहून आलेल्या शिक्षणक्रमाची ही सावली आहे. कापड, भांडी, लाकूडकाम यांसाठी नक्षी काढणारे कुशल हात घडवणे हा त्याचा हेतू होता, आणि त्या हेतूपुरते ते योग्यच होते. आज मात्र संकल्पन म्हणताना पहिला प्रश्न हवा, की हे कुणासाठी आणि कशासाठी? तो चौकोन रुमाल आहे की फरशी, हे मुलाला ठाऊक असेल, तरच कडेला नक्षी दाट का हवी आणि मधे मोकळी जागा का सोडावी, याचा विचार ते करील. शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरची सूचना घ्या. देवनागरीत ती लिहायची, भिंतीला लावायची, दहा पावलांवरून वाचायची. मग कळते की शिरोरेषा फार जाड झाली की अक्षरांच्या पोटातली जागा गुदमरते, ‘ध’ आणि ‘घ’ दुरून एकच वाटू लागतात. मुले ती सूचना पुन्हा लिहितात. याला खर्च पडतो तो जुन्या वर्तमानपत्राचा आणि ब्रशचा.

वर्गात साठ मुले, आठवड्याला मोजके तास, कित्येक शाळांत कलाशिक्षकच नाही. आणि परीक्षा आहे, तिचे गुण दहावीच्या निकालात मिळतात, म्हणून तर विषय जिवंत आहे, ही अडचण मला पूर्ण मान्य आहे. या परीक्षेने कागद आणि रंगपेटी खेड्यापाड्यांतल्या घरांत नेली, हे ऋण मोठे आहे. म्हणूनच ती मोडा असे मी म्हणत नाही. तिचा प्रश्न बदला. ‘बाजार’ ऐवजी ‘तुमच्या बाजारात एखादी व्यक्ती ओझे कसे उचलते’ असे विचारा. तयार आकृती तिथे कुचकामी ठरते. उत्तरपत्रिकेला एक जादा कागद जोडा, त्यावरच्या कच्च्या रेखाटनांना गुण द्या. परीक्षकाचे काम वाढेल, मोजमापही कठीण होईल. निबंध तपासताना मात्र आपण हे कष्ट दरवर्षी घेतोच. त्या कागदावर भरलेल्या पिशवीने एका बाजूला खाली ओढलेला खांदा पहिल्यांदा चुकलेला आणि शेजारीच दुसऱ्यांदा पकडलेला दिसला, तर परीक्षकाने आधी त्या दुसऱ्या खांद्याला गुण द्यावेत, रंगकामाकडे नंतर वळावे.