एका स्वल्पविरामाची गोष्ट

काटोलकडचा एक विद्यार्थी परवा आमच्या धरमपेठेतल्या घरी आला. चेहरा उतरलेला. वडिलांची संत्र्याची बाग आहे. फवारणीचे पत्रक वाचून टाकीला किती औषध लागेल ते सांगणारा एक छोटा प्रोग्राम त्याने संगणकावर लिहिला होता. एका परदेशी पत्रकात, दर लिटर पाण्यास २,५ मिलिलिटर, असे छापले होते. संगणक म्हणाला, शंभर लिटरच्या टाकीला अडीच लिटर औषध! वडील जवळच होते. ते म्हणाले, "पाव लिटर लागते तिथं अडीच लिटर? नवती जळून जाईन ना बाप्पा!"

चूक कोठे झाली? आपण सव्वा लाख हा आकडा १,२५,००० असा लिहितो. तेथील स्वल्पविराम केवळ वाचण्याच्या सोयीसाठी. म्हणून या मुलाने संगणकाला शिकवले होते, स्वल्पविराम दिसला की गाळून टाक. मग २,५ चे झाले २५!

पण जर्मनीत, फ्रान्समध्ये स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह. आपले १,२५०.५० जर्मन माणूस १.२५०,५० असे लिहितो. लांब कशाला, १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली असलेल्या गोव्यात एस्कुदोची रक्कम लिहिताना दशांशाच्या जागी डॉलरसारखे चिन्ह घालीत. यात चूक कोणाचीच नाही. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली टिंब आणि स्वल्पविराम, दोन्ही दशांशचिन्हे मान्य केली आहेत.

मग उपाय काय? आकडा कोणत्या देशाच्या रीतीने लिहिला आहे, हे प्रोग्रामला आधी सांगावे. आत साठवताना एकच रूप ठेवावे. दाखवताना मात्र ज्याच्या त्याच्या रीतीने दाखवावे. आणि नुसते १,२५० आले तर? ते साडेबाराशे की सव्वा, हे आकड्याकडे पाहून ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. तेथे संगणकाने थांबावे, विचारावे. पायथॉन भाषेत २,५ चा सरळ आकडा करू गेलात तर ती नकार देते. जावास्क्रिप्टची एक रीत मात्र स्वल्पविरामाशी थांबून गुपचूप २ हाती देते. गुपचूप चुकण्यापेक्षा नकार बरा, नाही का?

गुरुजनांना एकच विनंती. मुलांना दशांश शिकवाल तेव्हा ही दुसरी रीतही फळ्यावर लिहून दाखवा. आणि उत्तर आले की त्या बागाईतदारासारखे विचारायला शिकवा : हे इतके असेल का? ती बाग वाचली, ती याच प्रश्नाने.