जुन्या जावाचा दिवा

वडिलांची १९६८ सालची जावा मी हौसेने रंगवून घेतली. म्हैसूरच्या कारखान्यातली गाडी, सहा व्होल्टची. पत्नीला मागे बसवून गावी निघालो. तिन्हीसांजेला घाटात हेडलाइट मिणमिणू लागला आणि एका वळणावर विझलाच. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. पत्नी काही बोलली नाही. पण त्यानंतर मागे बसेना.

मी बॅटरी बदलली, बल्ब बदलला. फरक शून्य! अखेर एका वयस्कर मिस्त्रींनी बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून एक सुटी वायर थेट बल्बच्या होल्डरला टेकवली. दिवा लख्ख! "तुमचा रंगच आडवा आलाय," ते हसून म्हणाले.

या गाडीत बल्बमधून गेलेली वीज परतते ती लोखंडी सांगाड्यातून. जोडाखाली रंग किंवा गंज असला, की तिची वाट अडते. शिवाय ३५ वॉटच्या बल्बला बारा व्होल्टवर सुमारे तीन अँपिअर पुरतात, सहा व्होल्टवर सहा लागतात. वाटेत अर्धा व्होल्ट जरी हरवला, तरी बारावा हिस्सा गेला!

पॉलिश पेपरने जोडाखालचा रंग खरवडला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले. खर्च जवळपास नाहीच. म्हणून सांगतो, नवे सामान आणण्याआधी अर्थ तपासा.

परवा अंधार पडल्यावर पत्नी आपणहून म्हणाली, "चला, एक चक्कर मारून येऊ."