अपघात का झाला आणि माणसं का गेली : दोन वेगळे प्रश्न

आजचा भाग जरा जड आहे. पण तो आपल्या जिल्ह्यातला आहे आणि आपल्या नेहमीच्या प्रवासाचा आहे, म्हणून बोलायलाच हवं.

१ जुलै २०२३. मध्यरात्री दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली. बसमध्ये ३३ जण होते. २५ गेले, ८ वाचले. मृतदेह ओळखू येत नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले. नोकरीसाठी पुण्यात राहणारी आमच्यासारखी पोरं अशाच रात्रीच्या गाड्यांनी येतात-जातात. त्या दिवशी घरोघरी फोन वाजत होते.

तेव्हा सगळीकडे एकच चर्चा होती, टायर फुटला की ड्रायव्हरला डुलकी लागली? प्रश्न बरोबरच आहे. पण आपण तिथेच थांबतो. दुसरा प्रश्न आपण विचारतच नाही : बस उलटल्यावर इतकी माणसं का गेली?

बस डाव्या कुशीवर पडली. आपल्याकडे बसचं दार डावीकडेच असतं, म्हणजे बाहेर पडायची मुख्य वाट जमिनीखाली गेली. डिझेलनं पेट घेतला. काही जण काच फोडून बाहेर आले म्हणून वाचले. अपघाताचं कारण काहीही असो, पुढचा जीवन-मरणाचा फैसला दार, काच आणि आग यांनी केला.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात सर्व्हर बंद पडू नये म्हणून झटतात, आणि पडलाच तर डेटा वाचावा म्हणून वेगळी तयारी ठेवतात. रस्त्यावर मात्र आपण दुसरी तयारी देवावर सोडतो.

आता कारचं बघू. धडकेत दुखापत किती होणार हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं : शरीराला थांबायला किती अंतर मिळालं. ताशी ५० किलोमीटर वेगानं धडकणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडणं. ताशी १०० ला तेच तेरावा मजला होतं, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, हिशोब तुम्हीच करा.

गाडीचं नाक चेपतं ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. सीटबेल्ट तुम्हाला गाडीशी बांधून ठेवतो, म्हणून त्या चेपण्याचा फायदा तुमच्या शरीराला मिळतो. समजा ताशी ५० च्या धडकेत थांबायला अर्धा मीटर मिळाला, तर शरीरावर वजनाच्या २० पट जोर येतो. भयंकर आहे, पण माणूस वाचू शकतो. बेल्ट नसेल तर गाडी थांबते, आपण थांबत नाही. मग डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर आपटून दहा सेंटीमीटरमध्ये थांबलो, तर तोच जोर १०० पट होतो. आणि एअरबॅग बेल्टच्या जोडीला आहे, बदली म्हणून नाही.

हे मागच्या सीटलाही लागू आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची कार कठड्याला धडकली. महागडी, मजबूत कार. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता. गाडी तीच, धडक तीच.

मांडीवरच्या लेकराचंही तेच. २० पट जोरात दहा किलोचं लेकरू दोनशे किलोचं होतं. कोणत्याच आईचे हात तेवढं धरू शकत नाहीत. त्याला वेगळी चाइल्ड सीटच लागते.

माझी आई मागे बसली की म्हणायची, "मी मागंच तं आहे, मले काय होते?" वाद घालून उपयोग झाला नाही. शेवटी मी म्हटलं, "आई, धडक झाली तर तू मागून माझ्याच अंगावर येशील." तेव्हापासून ती स्वतःच बेल्ट ओढते. स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी. चालेल.

स्लीपर बसमध्ये काय करायचं? चढल्यावर झोपायच्या आधी दोन मिनिटं द्या. संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे, काच फोडायची हातोडी कुठे आहे, ते डोळ्यांनी बघा. त्या दरवाजासमोर बॅगा रचल्या असतील तर हटवायला लावा. हातोडी नसेल तर मोठ्यानं विचारा. गाडी आडवी झाली की एका बाजूच्या खिडक्या जमिनीला लागतात आणि दुसऱ्या बाजूच्या छत होतात, हे डोक्यात ठेवा.

आणि रस्त्यात अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. आपलं नाव सांगायची सक्तीही नाही.

अपघात टाळणं नेहमीच आपल्या हातात नसतं. त्यातून जिवंत बाहेर येण्याची तयारी बरीचशी असते. आज घरी फोन कराल तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टचा विषय काढा. भेटू पुढच्या भागात.